समासातला ऐ

यंदाचा कांदा निघाला. उपटलेला कांदा वाफ्यात पातीखाली झाकून सुकतो आहे, पलीकडच्या तुकड्यात बायका पात कापायला बसल्या आहेत आणि मी ओट्यावर बसले आहे. माझ्याच्याने आता वाकवत नाही. वारा फिरला की वास सरळ घरात येतो. उन्हात तापलेल्या पातीला एक गोडसर वास असतो, जरासा नासका. कांदा म्हटला की लोकांना डोळ्यांतलं पाणी आठवतं. त्यांनी कांदा बाजारातून आणलेला असतो.

मला हा वास कधी आवडला नाही. माझी थोरली बहीण हौसा याच दिवसांत गेली, विहिरीत. त्याला इतकी वर्षं झाली की तिला पाहिलेली माणसंही आता फारशी उरली नाहीत. वास मात्र दर वर्षी ताजा येतो. गेल्या उन्हाळ्यापासून त्यात आणखी एक वास मिसळला आहे, छापील कागदाचा. नातीच्या कायद्याच्या पुस्तकांचा.

नात पुण्यात वकिली शिकते. नाव साक्षी. ते तिच्या बापाने, म्हणजे माझ्या दत्तूने, टीव्हीवर ऐकून ठेवलं होतं. पोरगी कोर्टाकडे वळेल हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. गेल्या साली ती पहिल्या वर्षाला होती. परीक्षेआधी अभ्यासाला म्हणून घरी आली ती नेमकी काढणीत. घरात पोती, सुतळ्या, मजुरांचा चहा, दत्तूचा सतत वाजणारा फोन. तिने रिकाम्या बराखीत जाऊन सतरंजी टाकली. बराखी म्हणजे कांदा साठवायची लांबट खोली. भिंतींच्या जागी नुसत्या पट्ट्या असतात, वारा आरपार जातो. त्या पट्ट्यांमधून ऊन तिच्या वहीवर पडायचं आणि कोऱ्या पानावर आपोआप रेघा उठायच्या. एका टोकाने कांदा भरत यायचा, दुसऱ्या टोकाला ही. कांदा वाढला तशी ती दाराकडे सरकत गेली. दत्तू पाटी रिकामी करता करता म्हणायचा, "वकीलबाई, उठा आता, तुमच्या जाग्याचा ताबा आमी घेतला."

"नोटीस द्या आधी," ती म्हणायची.

मी तिच्याजवळ जाऊन बसायचे. सावली होती म्हणून. माझी शाळा चौथीत संपली आणि त्याचं मला फार दुःख झालं असं नाही. पण ती मोठ्याने वाचायची. आधी इंग्रजीत वाचायची, मग तेच स्वतःला मराठीत समजावून सांगायची, आणि मी बहिरी नाही.

मला वाटायचं, वकील म्हणजे काळा कोट घालून हातवारे करणारा माणूस. हिला शिकवत होते ते निराळंच होतं. जुने निकाल शोधून काढायचे. ते वाचून त्यात मुळात घडलं काय, प्रश्न काय होता, कोर्टाने काय ठरवलं, हे सुटं करायचं, जशी आपण डाळ पाखडतो तसं. आणि मग लिहायचं, कमीत कमी शब्दांत. तिने लिहिलेलं तिच्या मॅडम लाल पेनाने खोडून परत पाठवायच्या. एकदा मी ते पान पाहिलं. डुकरं शिरून गेल्यावर वाफा जसा दिसतो तसं दिसत होतं.

"यवढं काय चुकलं तुझं?"

"मी लिहिलं होतं, निर्दय नवऱ्याने. मॅडम म्हणाल्या, निर्दय हा तुझा शब्द आहे. त्याने काय केलं ते लिही, निर्दय आहे की नाही ते वाचणारा ठरवेल."

मला ते पटलं. मला स्वतःला विशेषणं लावून बोलणारी माणसं आवडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजी, निकाल कितीही पानांचा असू दे, त्यातलं एखादंच वाक्य बांधील असतं. ते काढलं तर निकाल उभाच राहत नाही. त्याला रेशो म्हणतात. बाकीचं सगळं जज जाता जाता बोललेला असतो."

"मग जाता जाता बोलतो कशाला?"

"माणूसच ना तो."

"तुझ्या बापाचं समदंच जाता जाता आसतं."

दत्तू बाहेरून म्हणाला, "ऐकू येतंय बरं का म्हातारे."

असे ते दिवस होते. चांगले होते, म्हणायला हरकत नाही. बराखीत गार वाटायचं, पोरगी हसायची, आणि लांब रस्त्यावरून मंचरच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज दिवसभर यायचा. मग मॅडमनी तो गृहपाठ दिला.

घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून एक जुनी घटना ऐकायची आणि ती पानभर लिहायची. फक्त घडलेलं. प्रत्येक वाक्यासमोर समासात एक अक्षर घालायचं. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं असेल तर प, ऐकलं असेल तर ऐ. समास मला माहीत होता. आमचे गुरुजी पट्टीने समास आखायला लावायचे आणि त्यात कोणी अक्षर घुसवलं तर तीच पट्टी हातावर बसायची. त्या जागेचा उपयोग काय, ते मला म्हातारपणी कळलं.

साक्षी म्हणाली, "आजी, हौसाआजीचं सांग ना."

मी सांगितलं. का नाही सांगायचं? मी ते आयुष्यभर सांगत आले होते. सुनांना, शेजारणींना, पात कापायला आलेल्या बायकांना. मला ते तोंडपाठ होतं, पाढ्यासारखं. हौसा येडगावला दिली होती. नवरा तापट होता. कांदाकाढणीच्या दिवसांत दोघांचं शेतात भांडण झालं. त्याने तिला विहिरीत ढकललं. घसरून पडली असं उठवलं. माझ्या बापाने हौसाच्या रांगत्या पोरीकडे बघून पोलिसांत जायचं टाळलं. मी मात्र त्या माणसाचं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

साक्षीने लिहून घेतलं आणि मग पहिल्यापासून वाचायला लागली.

"दोघांचं शेतात भांडण झालं. पाहिलंस की ऐकलंस?"

"ऐकलं."

"कोणाकडून?"

"समदं गाव बोलत व्हतं."

"गाव नाही चालत, आजी. माणूस सांग."

मी आठवलं. सायकलवर निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला होता, हौसा पाय घसरून हिरीत पडली. माझ्या कडेवर दत्तू होता. आम्ही पोचलो तेव्हा तिला बाजेवर ठेवलं होतं, केसांतून अजून पाणी गळत होतं आणि बाजेखालची माती भिजून काळी झाली होती. तिथे मागून एक बाई माझ्या कानाशी म्हणाली, "पडली न्हाई गं, पाडली." मी वळून पाहिलं तोवर बायकांची गर्दी होती, सगळ्यांच्या तोंडाला पदर. ती कोण होती हे मला तेव्हाही कळलं नाही. एका कान्याचा फरक. तेवढ्यावर मी पुढची सगळी वर्षं उभी होते.

"तिचे ओले केस, बाजेखालची माती, हे पाहिलंस. इथे प," साक्षी म्हणाली. "आता हे. त्याने तिला ढकललं."

"ते तर कावळ्यानं सांगितलं."

तिचं पेन थांबलं.

दहाव्याला कुकडीच्या काठी पिंड ठेवला होता. ऊन चढलं तरी कावळा शिवेना. बाभळीवर बसलेले होते, पिंडाकडे बघत होते, उतरत नव्हते. मग नेहमीसारखं सुरू झालं. मेलेल्याची इच्छा राहिली असेल ती ओळखायची, एकेकाने हात जोडून बोलायचं. तिचा सासरा म्हणाला, पोरीला पोटाशी धरू. सासू म्हणाली, दरसाल तुझ्या नावानं सवाष्ण जेवू घालू. भाऊकीतला एकजण काहीबाही म्हणाला. कावळे ढिम्म. नवरा एका बाजूला खाली मान घालून बसला होता. शेवटी माझा बाप पुढे झाला. तो म्हणाला, "बाई, मी पोलिसात जात नाय. जा आता तू." आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून निघालं, "याचं तोंड बघनार नाय मी."

कावळा शिवला.

बापाने डोळे पुसले. त्याच्यापुरतं ते मिटलं होतं. माझ्यापुरतंही ठरलं होतं. हौसाने ऐकलं, हौसाने होकार दिला, म्हणजे तिला पाडलं होतं. मला त्यात कधी शंका आली नाही. बापालाही त्याच्या बाजूने आली नसावी. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

हे ऐकून साक्षीने पेनाला टोपण लावलं. हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

"दोघं एकदम बोललात?"

"येकदमच."

"मग कावळा कोणाच्या वाक्याला शिवला?"

"माझ्या."

"तुझ्या वडिलांना काय वाटलं?"

"त्याला वाटलं, त्याच्या."

"म्हणजे निकाल एक आणि रेशो दोन," ती म्हणाली. हे ती माझ्याशी बोलत नव्हती.

दत्तू पोतं टेकवत म्हणाला, "कावळ्याला अपिलात खेच."

मी त्याच्याकडे पाहिलं तसा तो बाहेर गेला.

मरणाऱ्या माणसाने मरण्याआधी सांगितलेलं कोर्ट फार मोलाचं धरतं, हे तिने मला आधीच सांगितलं होतं. मी तिला विचारलं, "आन् मेल्यावर सांगितलेलं?"

"मेल्यावर कोण बोलणार, आजी?"

"बोलत्यात," मी म्हणाले. पण माझा आवाज मलाच नेहमीसारखा वाटला नाही.

तिने वही माझ्या मांडीवर ठेवली. पट्ट्यांतून आलेल्या उन्हात समास स्पष्ट दिसत होता. वर दोन प. खाली सगळे ऐ. ऐ, ऐ, ऐ, एकाखाली एक. मी ते बघत बसले. हौसाची हाक तीच होती. ती मला नावाने बोलवायची नाही. आमचं माहेर इथून लांब नाही. शेताच्या या कडेला मी, त्या कडेला ती, आणि तिचा भसाडा आवाज यायचा, "ऐऽऽ". मी वर बघेपर्यंत ती ओरडत राहायची. ती डावखुरी होती, पेंढीची गाठ उलटी मारायची, तिची बांधलेली पेंढी सोडताना आई वैतागायची. चिंचा तिला दगडाने फोडलेल्या आवडायच्या नाहीत, दाताने फोडायची. इतकी वर्षं मी तिचं मरण सांगत होते. ही हाक कोणाला सांगितली नव्हती. विसरलेच होते म्हणा ना.

आता ती समासातून हाक मारत होती.

त्याच दिवसांत सुमनचे फोन येत होते. सुमन म्हणजे हौसाची मुलगी, माझी भाच्ची. आई गेली तेव्हा ती रांगत होती. बापानेच वाढवली. त्याने दुसरं लग्न केलं नाही. त्याचं कौतुक लोक करायचे, मी केलं नाही. सुट्टीत ती माझ्याकडे राहायला यायची. गुणी पोर. तिची एक सवय मला अजून दिसते. विहिरीवरून भरलेला हंडा आणला की ती तो असा खाली ठेवायची की जणू झोपलेलं मूल ठेवते आहे. आवाज म्हणून व्हायचा नाही. तांब्या, कळशी, काहीही. मी माझ्या पोरांना सांगायचे, बघा, कसं वळण आहे. तिच्या लग्नात मी मांडवात तिच्या बापाकडे पाठ करून बसले, अक्षता मागच्या मागे टाकल्या, आणि जेवून आले. लोक बोलले. बोलू दे.

आता तिचा बाप अंथरुणाला खिळला होता आणि ती त्याला सांभाळायला येडगावला येऊन राहिली होती. "मावशी, आन्ना सारखं तुझं नाव घेत्यात. येकदा येऊन जा." मी प्रत्येक वेळी म्हणत होते, कांदा आहे. कांदा दर वर्षी असतो, हे तिलाही माहीत होतं.

साक्षी म्हणाली, "आजी, दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय लिहायचं नाही, असा नियम आहे."

"तुझ्या मॅडमचा?"

"नाही. त्यांच्या आधीपासूनचा."

मी गेले ती दया आली म्हणून गेले नाही. माणूस मरायला टेकला म्हणून केलेलं पुसलं जातं, असं मला वाटत नाही. मी गेले ते त्या समासासाठी. जगात एकच माणूस उरला होता ज्याने पाहिलं होतं. तो मेला की हौसाच्या मरणासमोर कायमचा ऐ राहणार होता. मला एक प हवा होता. त्याने म्हणावं, होय, ढकललं. मग मी त्याच्या तोंडावर थुंकून येणार होते, आणि तिची हाक थांबली असती.

पोतीवाल्या पिकअपमधून मंचरपर्यंत आणि पुढे एसटीने आम्ही गेलो. साक्षी खिडकीशी, मांडीवर वही. मी रस्त्याकडे बघितलं नाही. त्या वाटेने मी सुमनच्या लग्नानंतर गेले नव्हते, आणि त्याच्या आधी ओल्या केसांची हौसा बघायला आणि तिच्या दहाव्याला गेले होते.

तो पडवीत बाजेवर होता. मी आधी पाय पाहिले. टाचा भेगाळलेल्या, नखं वाढलेली. मग तोंड पाहिलं. बघणार नाही म्हटलं होतं, बघितलं. म्हाताऱ्याचं तोंड होतं. रस्त्यात दिसला असता तर मी ओळखला नसता.

"आलीस, इंदू?"

"आले."

"ही कोन?"

"नात. वकिली शिकती."

तो साक्षीकडे बघून म्हणाला, "लई उशिरा आलीस, पोरी."

सुमन चहा ठेवायला आत गेली. मी बाजेसमोर खाली बसले. आडूनपाडून बोलणं मला जमत नाही.

"दाजी, हौसाला तुमी ढकललं का?"

तोंडातून 'तुमी'च निघालं. एवढ्या वर्षांचा राग, पण जिभेची सवय मोडत नाही.

"नाय."

"मंग पडली?"

"ठाव नाय."

"तुमी तितंच व्हता."

"व्हतो."

"मंग पाह्यलं काय?"

साक्षीने वही उघडली होती, पण पेन वहीवर टेकवलं नव्हतं. पडवीच्या पलीकडे त्यांचाही कांदा सुकत होता. तोच वास.

"ऐकलं," तो म्हणाला.

मला नीट कळलं नाही. मी म्हणाले, "काय ऐकलं?"

मग त्याने सांगितलं. थांबत थांबत सांगितलं, मधे खोकला आला की सुमन आतून बघायची. त्या दिवशी भाकरी उशिरा आली. याने ती फेकली, पाटाच्या पाण्यात. हौसा काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, तो म्हणाला. ती हंडा घेऊन विहिरीकडे वळली आणि हा पाठ फिरवून वाफ्यात कांदा उपटायला लागला. मागून आवाज आला. धप्प.

"मला वाटलं, रागानं हंडा आपटला. म्हनलं, आपट. म्या वळून बघितलं नाय."

"मंग?"

"वाफा संपोस्तर उपटत व्हतो."

साक्षीने हलक्या आवाजात विचारलं, "मग कधी पाहिलंत?"

"हंडा दिसला. काठावर. सरळ उभा, भरलेला." तो छपराकडे बघत होता. "आपटलेला हंडा आसा ऱ्हात नाय, पोरी."

मी विचारायला आले होते ते सगळं त्या हंड्यापाशी थांबलं. पाय घसरला असता तर हंडा तिच्याबरोबर गेला असता, किंवा कलंडला असता. ढकललं असतं तरी तेच. तिने तो भरून, नीट काठावर ठेवला होता. का? मग तिने काय केलं? की हंडा ठेवून, पाय धुवायला वाकली, आणि मग? त्याला ठाव नव्हतं. त्याने पाठ फिरवली होती. पाहणारं कोणी नव्हतं. होता तो फक्त ऐकणारा, आणि ऐकलेलंही त्याने भलतंच समजून घेतलं.

"दहाव्याला तुमी कायच का बोलला नाय?" मी विचारलं.

"बोललो व्हतो."

"कदी?"

"तुझा बाप बोलला तवाच. ओठातल्या ओठात." त्याचा श्वास लागला होता. "म्हनलं, सांगीन. कुनाला तरी खरं सांगीन. आन् शिवला."

तीन वाक्यं. एकाच वेळी. बापाने त्याचं पाळलं, मी माझं पाळलं. ह्याने पाळलं नव्हतं, आज पाळत होता. हौसाला यातलं कुठलं हवं होतं, की तिला काहीच नको होतं आणि कावळ्याला नुसती भूक लागली होती?

सुमन चहा घेऊन आली. तिने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. फरशीवर पितळेचा तांब्या, आणि आवाज आला नाही. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. तिच्या लक्षात आलं.

"आमच्यात भांडं आपटायचं नसतं, मावशी," ती म्हणाली. "ल्हानपनापासून. आन्नाला सोसत नाय." मग बशीत चहा ओतत, "का सोसत नाय ते आज कळलं."

म्हणजे तिने आतून सगळं ऐकलं होतं. तिने बापाच्या तोंडाला बशी लावली, त्याची हनुवटी पुसली आणि पुन्हा आत गेली. मी थुंकले नाही. चहा प्यायले. त्याच्या बायकोला जाऊन इतकी वर्षं झाली होती आणि त्या घरात तेवढी सगळी वर्षं भांडी मुक्याने ठेवली जात होती. ती शिक्षा होती का, किती होती, कोणी दिली होती, हे मला ठरवता येईना. मी त्याला माफ केलं असं कोणी समजू नये. माफ करायला त्याने नेमकं काय केलं ते तरी कळायला हवं. बायको मागे बुडत होती तेव्हा तो कांदा उपटत होता. त्याला कायद्यात काय म्हणतात, मी साक्षीला परतीच्या एसटीत विचारलं.

ती म्हणाली, "त्याला माहीत असतं तर वेगळं. माहीतच नव्हतं तर... मला शोधावं लागेल."

तिने शोधलं. दोन दिवस बराखीच्या दारात बसून शोधत होती. तोवर कांदा तिच्या पाठीला टेकला होता. काही सापडलं नाही, किंवा सापडलं ते जुळलं नाही. तिने पान पूर्ण केलं. खाली निष्कर्षाची जागा तिने कोरी सोडली. मॅडमनी तिथे लाल पेनाने फक्त प्रश्नचिन्ह काढलं. साक्षी म्हणाली, पहिल्यांदाच त्यांनी काही खोडलं नाही.

येडगावचा म्हातारा पावसाळ्यात गेला. दहाव्याला मी गेले नाही, गुडघे धरले होते. कावळा लगेच शिवला म्हणतात, कोणी काही बोलायच्या आधीच. हे मी पाहिलेलं नाही.

आता यंदाचा कांदा भरायला आला आहे. साक्षी दुसऱ्या वर्षाला गेली, ती परीक्षा तिकडेच देते आहे. बराखीत तिची सतरंजी नाही, पट्ट्यांमधून ऊन नुसतं जमिनीवर पडतं. हौसाची गोष्ट मी आता बायकांना सांगत नाही. एकीने परवा विचारलं, "आजी, तुमच्या बहिनीला म्हनं नवऱ्यानं हिरीत लोटली?" मी विचारलं, "तू पाह्यलं का?" ती गडबडली, पात कापायला लागली.

माझी सून कामाला वाघ आहे, पण हाताने जड. नळाचं पाणी आलं की ती भरलेली कळशी मोरीच्या ओट्यावर आदळते, बादली आपटते, ड्रमचं झाकण टाकते. तिला मी एकदा सांगितलं, जरा हळू. ती म्हणाली, "आत्याबाई, मोरी काय फुटती का?" बरोबर आहे. तिला कसं सांगणार. मी त्या विहिरीवर नव्हते, त्या दिवशी मी कित्येक कोस लांब होते, पण तो आवाज आता मला रोज येतो. समासात काय घालायचं म्हणून कोणी विचारलं, तर मी ऐ सांगेन.

आणि दर वेळी मी वळते. मान दुखते, हातातलं काम राहतं, दत्तू म्हणतो, काय गं म्हातारे, कुनी हाक मारली का. मागे काही नसतं. ओटा असतो, कळशी असते, कडेने ओघळलेलं पाणी असतं. तरी पुढच्या आवाजाला मी पुन्हा वळते, आणि पूर्ण वळून बघते.